हेडफोनची केबल: दुरुस्ती आणि स्वतः नवी बनवणे

सांधेजोड

हेडफोन 'गेला' म्हणून बाजूला पडतो, तेव्हा बहुतेक वेळा गेलेली असते ती फक्त केबल. आतला ड्रायव्हर, म्हणजे चुंबक, कॉइल आणि पातळ पडदा, नीट वापरला तर वर्षानुवर्षं चालतो. तार मात्र रोज वाकते, ओढली जाते, खुर्चीच्या चाकाखाली येते. एवढ्याशा कारणासाठी चांगला हेडफोन फेकला जाऊ नये असं मला मनापासून वाटतं, म्हणून हा धागा.

माझं मुख्य म्हणणं आधीच सांगतो. केबलचा विजेशी संबंधित भाग सोपा आहे. साध्या स्टीरिओ हेडफोनला तीनच जोडण्या लागतात: डावा, उजवा आणि दोघांची सामाईक परतीची तार, जिला आपण ग्राउंड म्हणतो. जॅकच्या टोकाला डावा, मधल्या कड्याला उजवा आणि मागच्या लांब भागाला ग्राउंड. ३.५ मिमी असो की ६.३५ मिमी, हा क्रम बदलत नाही. खरी कारागिरी आहे ती तार कुठे वाकेल आणि ओढ कशावर येईल हे ठरवण्यात. सोल्डर, म्हणजे तारा जोडणारा वितळवलेला धातू, सुंदर बसलंय, पण ओढ थेट सोल्डरवर येतेय, अशी केबल पुन्हा तुटणारच.

तुटण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. पहिली, जॅकच्या मागचं रबर संपतं तिथे. दुसरी, तार कानाच्या कपात शिरते तिथे. तिसरी, एका तारेच्या दोन होतात त्या फाट्यापाशी. तिन्ही ठिकाणी कडक भाग एकदम संपतो आणि मऊ भाग सुरू होतो. सगळं वाकणं त्या एका रेषेवर येतं आणि आतले तांब्याचे धागे एकेक करून तुटत जातात. म्हणूनच आवाज एकदम जात नाही. आधी खरखर, मग हलवल्यावर ये-जा, मग कायमचा बंद.

शोधायला मल्टिमीटर हवा. बीप वाजणाऱ्या कंटिन्युइटीवर, म्हणजे तार अखंड आहे का ते सांगणाऱ्या खुणेवर ठेवा, एक टोक जॅकवर, दुसरं कपाच्या आतल्या जोडावर, आणि कुणाला तरी तार इंचाइंचाने हलवायला सांगा. बीप अडखळली की जागा सापडली. कप उघडायचा नसेल तर २०० ओहमच्या रेंजवर जॅकच्या टोक आणि मागच्या भागामध्ये मोजा. ३२ ओहमच्या हेडफोनला साधारण तीसच्या आसपास आकडा येईल. तार हलवताना तो उड्या मारत असेल तर दोष तिथेच कुठेतरी आहे.

जॅकपाशी तुटलं असेल तर तुटल्या जागेच्या तीन-चार सेंटिमीटर पुढे बिनधास्त कापा. तिथवरची तारही थकलेली असते, तिचा मोह नको.

आणि एक गोष्ट सोल्डरिंग गन तापवण्याआधीच: नव्या जॅकचं झाकण आणि हीट श्रिंकची, म्हणजे तापवल्यावर आकसून घट्ट बसणारी नळी तारेवर आधी ओवून घ्या. जोड झाल्यावर ती मागून घालता येत नाहीत.

नवी_श्रोती

धागा अगदी वेळेवर आला. माझ्या हेडफोनमध्ये विचित्र प्रकार चाललाय. दोन्ही कानांत आवाज येतो, पण गाणाऱ्याचा आवाज जवळजवळ गायब. मागचं वाद्यवृंदाचं तेवढं ऐकू येतं, तेही पोकळ, लांबून आल्यासारखं. जॅक बोटाने दाबून धरला की सगळं नीट होतं. दोन्ही बाजू चालू आहेत म्हणजे तार तुटलेली नाही ना? ड्रायव्हर खराब झालाय का?

रोध

ड्रायव्हर ठणठणीत आहेत. तुमची ग्राउंडची तार तुटली आहे, आणि हे लक्षण इतकं नेमकं आहे की मोजायची गरजसुद्धा जवळजवळ नाही.

ग्राउंड गेलं की डाव्या आणि उजव्या ड्रायव्हरला परतीचा रस्ता उरत नाही. वीज मग डाव्यातून शिरून उजव्यातून बाहेर पडते, म्हणजे दोन्ही ड्रायव्हर एकामागे एक जोडले जातात. त्यांना मिळतो तो डाव्या आणि उजव्या आवाजातला फक्त फरक. गायकाचा आवाज ध्वनिमुद्रणात मधोमध ठेवलेला असतो, दोन्ही बाजूंना सारखाच. फरक काढला की तो शून्य होतो. प्रतिध्वनी आणि बाजूला ठेवलेली वाद्यं तेवढी उरतात.

खात्री करायची असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ चालू करा. ग्राउंड तुटलेलं असेल तर जवळजवळ शांतता होईल. किंवा आवाजाचा तोल पूर्ण डावीकडे सरकवा. एकाच कानात यायला हवं तिथे दोन्हीकडे येईल.

मिक्सरमागे

रोध यांच्या म्हणण्यात थोडी भर. माइकवाल्या हेडफोनला हेच लक्षण तार न तुटताही दिसू शकतं. चार भागांच्या जॅकचे दोन प्रकार प्रचलित आहेत. सीटीआयए प्रकारात टोकाकडून क्रम डावा, उजवा, ग्राउंड, माइक असा. जुन्या ओएमटीपी प्रकारात ग्राउंड आणि माइक यांची अदलाबदल. एका प्रकारचा हेडफोन दुसऱ्या प्रकारच्या फोनमध्ये घातला की अगदी असाच पोकळ आवाज येतो आणि माइकचं बटण दाबून धरलं की तेवढ्यापुरता सुधारतो. जॅक पूर्ण आत गेला नसेल तरीही हेच होतं. फोनचं कव्हर जाड असेल तर तेही पाहा.

नवी_श्रोती

मोनो केल्यावर खरंच काहीच ऐकू येत नाही! आणि हा हेडफोन याच फोनवर आधी व्यवस्थित चालत होता, म्हणजे तारच. जॅकपाशी कापते. आत काय दिसेल? कोणती तार कशाची हे कसं ओळखायचं?

सांधेजोड

बारीक केबल असेल तर प्लास्टिकचं आवरण नसलेले रंगीत तांब्याचे झुपके दिसतील. लाल, हिरवा किंवा निळा, आणि एखादा नुसत्या तांब्याच्या रंगाचा. हा रंग म्हणजे एनॅमलचा पातळ थर, तेच त्याचं आवरण. बऱ्याचदा लाल उजवा, हिरवा किंवा निळा डावा आणि तांब्याचा ग्राउंड असतो. पण रंगांवर विसंबू नका, मोजून घ्या.

आधी प्रत्येक झुपक्याचं टोक कल्हईसारखं सोल्डरने माखून घ्यावं लागेल, कारण एनॅमलमधून मीटरला काही कळत नाही. मग दोन-दोन झुपक्यांमधला रोध मोजा. तीन तारा असतील तर तीन आकडे मिळतील. दोन साधारण सारखे आणि तिसरा त्यांच्या दुपटीजवळ. ज्या जोडीत दुप्पट आकडा आला ते डावा आणि उजवा. उरलेली तार ग्राउंड. डावा कुठला आणि उजवा कुठला हे कानच सांगतील: हेडफोन घालून ग्राउंड आणि एका तारेला मीटर टेकवा, ज्या कानात टिक ऐकू येईल ती बाजू.

चौथी तार माइकची. ग्राउंडबरोबर तिचा आकडा वेगळाच, बराच मोठा येईल आणि बटण दाबलं की जवळजवळ शून्यावर उतरेल.

दोनकान

एनॅमल काढायला मी लायटरने टोक जाळतो. दोन सेकंदांचं काम.

सांधेजोड

दोनकान, तसं करू नका अशी माझी कळकळीची विनंती. ज्योतीत ते केसासारखे धागे काळे पडतात आणि ठिसूळ होतात. काळ्या तांब्याला सोल्डर धरत नाही, धरलं तरी पुढच्या वाकण्यात तुटतं. सँडपेपरनेही तेच, धागेच तुटून येतात.

बहुतेक हेडफोनच्या तारांचं एनॅमल पॉलियुरेथेनचं असतं आणि ते सोल्डरच्या उष्णतेनेच विरघळतं. गन ३८०-४०० अंश सेल्सियसला न्या, टोकावर ताज्या सोल्डरचा टपोरा थेंब घ्या, झुपक्याचं टोक थोड्या रोझिन फ्लक्ससह (सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात तो राळेचा लेप) त्यात बुडवा आणि हळूहळू पुढे सरकवा. थोडा धूर येईल, मग एकदम सोल्डर तारेवर चढताना दिसेल. तो धूर नाकात जाऊ देऊ नका, खिडकी उघडी ठेवा. मग तापमान ३३०-३५० वर आणा आणि जोडाचं काम करा.

झुपक्यात पांढरे किंवा पिवळट दोरेही असतात, नायलॉनचे किंवा अ‍ॅरामिडचे. लोक ते कापून टाकतात. कापू नका! ओढ सहन करण्यासाठीच ते घातलेले असतात. जॅकच्या आतल्या पकडीभोवती त्यांना गाठ मारा. मग तार ओढली गेली तर ताण दोऱ्यांवर येतो, सोल्डरवर नाही. मी दुरुस्त केलेल्या केबलींमध्ये सर्वांत जास्त फरक या एका गाठीने पडलेला पाहिला आहे.

पिळदार

सोल्डर कोणतं वापरायचं ते नव्या मंडळींसाठी लिहितो. ६३/३७ कथील-शिसं सर्वांत सोपं. १८३ अंशांना वितळतं आणि त्याच तापमानाला एकदम घट्ट होतं, त्यामुळे थंड होताना जोड हलून खराब व्हायची शक्यता कमी. शिसं नसलेलं सोल्डर २१७ च्या पुढे वितळतं, त्याला जास्त उष्णता लागते. शिसं हाताळल्यावर हात धुवा, टेबलावर काही खाऊ नका. फ्लक्स रोझिनचाच. नळजोडणीचा आम्लयुक्त फ्लक्स चुकूनही नको, तो तार आतून खात राहतो.

जुनी केबल सोलल्यावर तांबं हिरवं पडलेलं दिसलं तर चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापत जा. हिरव्या तारेला सोल्डर धरतच नाही. पार आतपर्यंत हिरवं असेल तर दुरुस्ती सोडा आणि नवी केबलच बनवा.

कानोसा

नव्या केबलचा विषय निघालाच आहे तर विचारतो. चांदीचा मुलामा दिलेली तार घ्यावी की शुद्ध तांब्याची? चांदीने वरचे स्वर खुलतात असं बरेच जण लिहितात.

रोध

आकडे बघू. चांदीचा विशिष्ट रोध तांब्यापेक्षा साधारण ५-६ टक्के कमी. तांब्याची तार एक नंबर जाड घेतली तरी त्याहून जास्त फरक पडतो. वरच्या स्वरांत वीज तारेच्या पृष्ठभागावरूनच वाहते असंही सांगतात. पण २० किलोहर्ट्झला, म्हणजे ऐकू येणाऱ्या सर्वांत वरच्या स्वराला, तांब्यात वीज पृष्ठभागापासून जितकी आत शिरते ती खोली जवळजवळ अर्धा मिलिमीटर असते आणि आपली २८ गेजची (गेज म्हणजे तारेच्या जाडीचा नंबर) तार सगळी मिळून ०.३२ मिमी व्यासाची. म्हणजे ऐकू येणाऱ्या सर्व स्वरांना पूर्ण तार वापरायला मिळते.

२८ गेज तांब्याचा रोध मीटरला साधारण ०.२१ ओहम. दीड मीटर केबल, जायची आणि यायची धरून ०.६४ ओहम. ३२ ओहमच्या हेडफोनला यामुळे आवाज ०.१७ डेसिबलने कमी होतो, सगळ्या स्वरांत जवळजवळ सारखाच. ३०० ओहमच्या हेडफोनला हे विसरून जावं.

कानोसा

आकडे पटले. तरी माझ्या इअरफोनवर दोन केबलींमध्ये फरक ऐकू येतो, आणि तो भास आहे असं मला वाटत नाही.

रोध

तो खरा असू शकतो. इअरफोन एकापेक्षा जास्त आर्मेचर ड्रायव्हरचा (इअरफोनमधले वेगळ्या जातीचे छोटे ड्रायव्हर) आहे का? अशा इअरफोनचा रोध स्वरागणिक बदलतो. कुठे ३०, तर कुठे ६-७ ओहमपर्यंत खाली. अशा वेळी केबलचा एक ओहमसुद्धा काही स्वर दाबतो आणि काही सोडून देतो. म्हणजे फरक पडतो, पण तो धातूच्या जातीने नव्हे, एकूण ओहमने. दोन्ही केबलींचा रोध मोजा. मोजताना मीटरच्या स्वतःच्या तारा एकमेकींना टेकवून येणारा आकडा वजा करा, नाहीतर तोच मोठा निघेल.

केबलमध्ये ज्याची काळजी करावी अशी गोष्ट माझ्या मते वेगळीच आहे: सामाईक ग्राउंडचा रोध. तिथे ०.३ ओहम असले तर ३२ ओहमच्या हेडफोनमध्ये एका बाजूचा आवाज दुसऱ्या बाजूला सुमारे ४० डेसिबल खाली झिरपतो. उपाय साधा आहे. चार तारा घ्या, दोन्ही कानांच्या परतीच्या तारा जॅकपर्यंत वेगळ्या आणा आणि तिथेच एकत्र सोल्डर करा.

कानोसा

पाच आर्मेचरचे आहेत. मोजले: जुनी केबल जायची-यायची धरून १.१ ओहम, नवी ०.३. म्हणजे हेच कारण. धन्यवाद, आता चांदीऐवजी जाड तांबंच घेतो.

मिक्सरमागे

टेबलावर बसून ऐकण्यासाठी चार तारांची माइकची केबल उत्तम. कॅनारेची एल-४ई६एस किंवा मोगामीची २८९३ यांत चार तारा आणि वर तांब्याचं संरक्षक वेष्टन असतं. कॅनारेची ६ मिमी जाड, मोगामीची ४.८. जॅक घेताना त्याच्या मागचं भोक केबलपेक्षा मोठं आहे ना हे आधी बघा. ३.५ मिमीच्या कित्येक जॅकमध्ये ६ मिमी केबल शिरतच नाही. इअरफोनसाठी या केबली नकोत. त्या जड आहेत, कान ओढतात, आणि कपड्यावर घासल्याची खसखस थेट कानात येते.

चार वेगळ्या तारा नेल्या की लोकांना लगेच बॅलन्स्ड जॅक, म्हणजे सामाईक ग्राउंडऐवजी प्रत्येक कानाच्या दोन्ही तारा शेवटपर्यंत वेगळ्या ठेवणारा जॅक, बसवायचा मोह होतो. बसवा, पण क्रम लिहून समोर ठेवा. ४.४ मिमीला टोकापासून डावा धन, डावा ऋण, उजवा धन, उजवा ऋण, आणि शेवटचा भाग ग्राउंड. चार पिनांच्या एक्सएलआरला १ ते ४ हाच क्रम. २.५ मिमीचा क्रम मात्र निराळा: उजवा ऋण, उजवा धन, डावा धन, डावा ऋण.

आणि हे ठळकपणे: बॅलन्स्ड अ‍ॅम्प्लिफायरच्या सॉकेटमधून साध्या तीन भागांच्या जॅकवर येणारा अ‍ॅडाप्टर कधीही बनवू नका. त्यात दोन्ही ऋण बाजू एकत्र होतात. त्या ग्राउंड नसतात, त्यांच्यावरही आवाजाचा विद्युतदाब असतो. दोन अ‍ॅम्प्लिफायर एकमेकांवर शॉर्ट होतात आणि जळू शकतात. उलट दिशेचा, म्हणजे बॅलन्स्ड केबल साध्या सॉकेटला लावणारा अ‍ॅडाप्टर सुरक्षित आहे.

पिळदार

चार तारांची वेणी घालायची असेल तर लांबी पाव पट जास्त धरा, वेणीत तार आखडते. वेणी सैल आणि एकसारखी ठेवा. घट्ट आवळली तर केबल काठीसारखी होते आणि वळण लक्षात ठेवते.

दोनकान

लायटरचं समजलं, यापुढे थेंबाची रीत वापरीन. माझा प्रश्न कपाच्या बाजूचा. केबल कायमची जोडलेली आहे आणि कपापाशीच तुटली आहे. उघडू का?

सांधेजोड

जरूर उघडा. बहुतेक मोठ्या हेडफोनमध्ये गादी ओढून किंवा फिरवून निघते आणि खाली स्क्रू दिसतात. तीन गोष्टी सांभाळा.

आत शिरल्याबरोबर केबलला एक गाठ किंवा क्लिप दिसेल. तिचा फोटो काढून ठेवा. ओढ तिच्यावरच थांबते, त्यामुळे नव्या केबललाही तिथेच तशीच गाठ हवी.

ड्रायव्हरच्या मागे ताकदीचा चुंबक असतो. स्क्रू ड्रायव्हर आणि सोल्डरिंग गनचं लोखंडी मुलाम्याचं टोक, दोन्ही तो ओढून घेतो. हात टेकवून काम करा. टोक निसटून पडद्यात घुसलं तर तो ड्रायव्हर संपला. तारांचे कापलेले तुकडे आणि टेबलावरचा लोखंडी कीस यांच्याजवळ उघडा ड्रायव्हर ठेवूच नका.

ड्रायव्हरच्या पट्टीवर, म्हणजे तारा जिथे सोल्डर होतात तिथे, दोन सेकंदांपेक्षा जास्त गन टेकवू नका. पट्टी प्लास्टिकवर बसवलेली असते, आणि कॉइलची केसासारखी तार तिथेच जोडलेली असते. तिला हात लावायचा नाही. जुन्या तारा काढण्याआधी कोणती तार कोणत्या खुणेवर होती तेही टिपून घ्या. एका बाजूला धन-ऋण उलट झालं तर दोन्ही कान वाजतील, पण आवाज मधोमध बसणार नाही, डोक्याबाहेर पसरल्यासारखा वाटेल.

इतकं उघडलंच आहे, तर मी तुमच्या जागी असतो तर कपात सॉकेट बसवून केबल काढता-घालता येईल अशी केली असती. सेनहायझरच्या एचडी ६०० ला दोन्ही कपांत, एकेजीच्या के७०२ ला एका कपात तीन पिनांचा मिनी एक्सएलआर, अशी सोय मुळातच असते. पुढच्या वेळी केबल तुटली की फक्त नवी केबल लागते, आणि ती ओढली गेली तर तुटण्याऐवजी निघून येते. कपात जागा आहे का ते मोजा, सॉकेटच्या आट्यांच्या मापाचं भोक पाडा, पण ड्रायव्हर बाहेर काढल्यावरच. कप बंद प्रकारचा असेल तर सॉकेटभोवतीची फट नीट बुजवा. छोट्याशा फटीतूनही हवा जाते आणि त्या बाजूचा बेस उतरतो.

नवी_श्रोती

मोजलं! ३१, ३२ आणि ६३. रोध आणि सांधेजोड यांनी सांगितलं तसंच. तीनच तारा आहेत, माइक नाही. नवा जॅक जोडला आणि गायक परत आला. आता झाकण फिरवून बंद करू ना? आणि ती जागा पुन्हा तुटू नये म्हणून मागे काय करू?

सांधेजोड

फार बरं वाटलं वाचून. झाकण फिरवण्याआधी एवढं करा. तिन्ही जोडांमध्ये एकमेकांना टेकणारा एकही धागा नाही ना ते भिंगातून पाहा आणि टोक-कडं, कडं-मागचा भाग असं मीटरने तपासा. ड्रायव्हर जोडलेले असल्यामुळे शून्य यायला नको, आधीचेच आकडे यायला हवेत. जॅकची पकड तारेच्या बाहेरच्या आवरणावर दाबा, आतल्या झुपक्यांवर नाही. केबल बारीक असेल आणि पकडीत सैल बसत असेल तर तेवढ्या भागावर हीट श्रिंकचा एक थर देऊन ती जाड करा.

मागच्या बाजूला हीट श्रिंक पायऱ्यापायऱ्यांनी चढवा. आधी लांब तुकडा, त्यावर त्याहून आखूड, त्यावर आणखी आखूड, सगळे जॅकच्या बाजूने सुरू होणारे. कडकपणा असा हळूहळू कमी होत गेला की वाकणं तीन-चार सेंटिमीटरवर विभागलं जातं. आतून गोंद असलेली नळी मिळाली तर सर्वांत आतला थर तिचा द्या. स्प्रिंगवाला जॅक असेल तर एकच थर पुरे.

मिक्सरमागे

आणि फोन खिशात ठेवून ऐकत असाल तर पुढच्या वेळी काटकोनातला जॅक घ्या. सरळ जॅकला खिशात तरफेसारखा जोर बसतो, तार तर जातेच, फोनचं सॉकेटही सैल होतं. वापरून झाल्यावर केबल फोनभोवती गुंडाळू नका. जॅकपाशी तिथेच कडक वळण पडतं. जॅक काढा, केबलची तळहाताएवढी सैल वेटोळी करा.

नवी_श्रोती

तीन थर चढवले, आकडे तेच आहेत. आता दोनकान यांच्या सॉकेटचे फोटो बघायचे आहेत.

दोनकान

कप उघडलाय. गाठीचा फोटो काढला. आत एका बाजूने डोक्यावरच्या पट्टीतून दुसऱ्या कपाकडे तीनच तारा जातात, त्यामुळे बॅलन्स्ड होणार नाही असं दिसतंय.

रोध

होऊ शकेल. दुसऱ्या कपातल्या ड्रायव्हरला डोक्यावरच्या पट्टीतून दोनच तारा लागतात. नीट बघा, तीनपैकी एक नुसती डोक्यावरच्या पट्टीचं ग्राउंडिंग असू शकते, तशी असेल तर त्या कपाला ड्रायव्हरच्या दोनच तारा जात आहेत, आणि मग दोन्ही ड्रायव्हरची परतीची तार सॉकेटपाशी वेगळी करता येईल. मीटर लावून सांगा: तिघींपैकी कोणत्या दोन त्या बाजूच्या ड्रायव्हरच्या पट्ट्यांवर पोचतात?